मर्डोचा शिल्लक शनिवार

मर्डोने गुरुवारचं भांडं उघडलं नाही, एवढंच झालं बघा. माणसं दारूने बुडतात, पत्त्यांनी बुडतात. मर्डो सूप न खाल्ल्याने बुडाला.

त्याची बायको मार्सली बहिणीच्या बाळंतपणाला स्टॉर्नोवेला गेली होती. जाताना तिने फळीवर सहा भांडी ओळीने मांडली, सोमवार ते शनिवार. रोज एक संपवायचं आणि भांडी संपली की अंघोळ करून, काळा कोट घालून चर्चला यायचं, मी परस्पर तिथेच येते, असं बजावून ती गेली. त्या रविवारी मर्डोचं नाव चर्चच्या पंचांत घालायचं होतं. पंच झालं की पाद्रीबाबांच्या व्यासपीठाच्या पायथ्याशी, सगळ्या गावाकडे तोंड करून बसायचं. मार्सली कित्येक वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होती. (मर्डोला काळजी एकच, तिथे डुलकी कशी काढायची.)

तर गुरुवारी तो शेजाऱ्याकडे मेंढ्यांची लोकर कातरायला गेला. तिथे त्याने मटण-बटाटे असे हाणले, की घरी आल्यावर भांड्याकडे बघवेना. पुढे तो उरलेली भांडी बघून वार ओळखत गेला. लग्न झाल्यापासून वार ओळखायची दुसरी अक्कल त्याला कधी लागलीच नव्हती. एका सकाळी फळीवर एकच भांडं दिसलं. म्हणजे आज शनिवार.

आणि शनिवारीच तर नदीच्या खालच्या डोहात गळ टाकायची परवानगी नदीच्या इंग्रज मालकाच्या बंगल्यावरच्या मुकादमाने दिली होती! त्या डोहात समुद्रातून चढून आलेला एक ट्राउट मासा होता, गावात त्याला नुसतं ‘वासरू’ म्हणत. पंच झाल्याचं जेवण याच माशाचं घालायचं, असं मर्डोने ठरवलं.

वाटेत चिटपाखरू नव्हतं. कुणाच्या दोरीवर कपडा नाही, कुणाच्या अंगणात कुऱ्हाडीचा आवाज नाही. पंचांतल्या म्हाताऱ्या फिनलेचा कोंबडासुद्धा टोपलीखाली झाकलेला. मर्डोला वाटलं, आज नशीब जोरावर आहे, नदी आपल्या एकट्याची.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने गळाला बांधलेली बदकाच्या पिसांची खोटी माशी अलगद पाण्यावर टाकली. एकदा, दोनदा, आणि मग काठीची कमान झाली. वासराने त्याला डोहभर नाचवलं आणि शेवटी दगडाआड तळाशी जाऊन रुसून बसलं. पुढे येईना, मागे जाईना.

तेवढ्यात पुलाकडे येणारी माणसं मर्डोला दिसली. काळे कोट, काळ्या टोप्या, काखेत बायबलं, अख्खं गाव. कोण बरं गेलं असेल, म्हणून त्याने मनातल्या मनात गावातले आजारी आठवून पाहिले. मग लक्षात आलं की शवपेटी नाही. आणि डोक्याच्या आधी पोटाला उमगलं, की गुरुवारचं सूप आपण खाल्लंच नव्हतं.

त्याने टोपी कानांपर्यंत ओढली आणि पाठ फिरवली.

“बंगल्यावरचा इंग्रज असणार,” पुलावरून मार्सलीचा आवाज आला. “पाद्रीबाबा, या लोकांना रविवार नाही की देव नाही. आमचा मर्डो बघा, एव्हाना जाऊन बसलासुद्धा असेल.”

फिनले म्हणाला, इंग्रजाच्या मानाने पाय फार फेंगडे आहेत. मग मार्सलीने नीट निरखलं. कोपरावरचं ठिगळ तिनेच लावलेलं.

“मर्डो.”

“आज शनिवार आहे,” मर्डो पाण्याकडे बघत म्हणाला.

“कुणाच्या घरी?”

गाव पुलावरून खाली काठावर उतरलं. पाद्रीबाबा म्हणाले, दोर काप. फिनलेने अडवलं, कापणं म्हणजे काम झालं आणि रविवारी काम पाप आहे. मग ओढून घ्यावा, असं कुणीतरी पुटपुटलं, तर ते त्याहून मोठं काम. बैल खड्ड्यात पडला तर रविवारीही काढतात, असं एका भल्या बाईने सुचवलं. फिनले म्हणाला, बैल पडतो. पाण्यात पडलेला मासा मी अजून पाहिला नाही.

मार्सलीला आपली पंचाची खुर्ची, म्हणजे मर्डोची, नदीतून वाहून जाताना दिसत होती.

पाद्रीबाबा स्वतः आठवड्याचे सहा दिवस गळ घेऊन हिंडणारे. त्या वासराने त्यांचीही झोप उडवली होती. त्यांनी बराच विचार केला.

“ओढायचं नाही, कापायचं नाही. नुसता उभा राहा. उभं राहणं हे काम नव्हे.”

आणि गाव चर्चमध्ये गेलं. मर्डो उभा राहिला. वाऱ्यावर स्तोत्रं ऐकू येत होती, पलीकडच्या काठावरच्या मेंढ्या त्याच्याकडे एकटक बघत होत्या. त्या दिवशीच्याइतकं आखूड प्रवचन आमच्या चर्चने कधी ऐकलं नाही. आमेन व्हायच्या आत अर्धं गाव दाराशी.

सगळे लगबगीने काठावर परतले, पण माशाचं कुणी विचारेना. रविवारी विचारणार कसं? पाद्रीबाबांनी हवा बरी आहे असं म्हटलं आणि त्याच श्वासात हळूच विचारलं, “जड आहे?”

मर्डोचे दात वाजत होते.

उत्तर वासरानेच दिलं. ते उसळून पाण्याबाहेर आलं, पाळण्याएवढं लांब, चांदीसारखं. सगळ्या गावाला अंग दाखवलं, डोकं झटकलं आणि गेलं. दोर सैल पडला. काठावरून एकच ‘हाय’ उठली, आणि तीत सगळ्यांत मोठा आवाज पाद्रीबाबांचा होता.

आता कोण कुणाला बोलणार? पाद्रीबाबांनी घसा खाकरला. फिनले म्हणाला, असा मासा हातात आणि या माणसाने बोटसुद्धा हलवलं नाही; आम्ही पंच तर प्रवचनात सारखे चुळबुळतो. (खरं म्हणजे कमरेखाली आपण अजून आहोत की नाही, हेच मर्डोला कळत नव्हतं.) तेव्हा तिथल्या तिथे ठरलं, पुढच्या रविवारी मर्डो पंच.

दोघांनी धरून बाहेर काढल्यावर मर्डो छाती काढून बायकोपाशी आला. “ऐकलंस ना?”

“ऐकलं,” मार्सली त्याचा कोट झटकत म्हणाली. “काहीएक न करता तू किती वेळ उभा राहू शकतोस, ते मी लग्न झाल्यापासून बघतेय. गावाला पटायला मासा लागला.”