सगुणाबाई तंबोरेकरणीच्या दोन कोऱ्या सालांची बखर

श्री. जो थकल्या हातांचा कैवारी, त्यास प्रथम नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, फाल्गुन वद्य पंचमी, ते दिवशी जे वर्तमान जाहले ते ऐसें.

राज्यात हुकूम होता की, रयतेने कमाईतून जे द्रव्य म्हातारपणाच्या ठेवीत घालावे त्यावर कर नाही. परंतु माफी साल एकास शंभर मोहरांपुरती, वरती जे पडेल त्याचा तिसरा हिस्सा सरकारात भरावा. त्याच राज्यात सगुणाबाई तंबोरेकरीण म्हणोन थोर कारागीर नांदत होती. तंबोऱ्याचा भोपळा आढ्यास टांगावा, तीन उन्हाळे त्याने आपले पाणी सोडावे, तीन पावसाळे मुकाट सोसावे, आणि मग त्याच्या पोटी सूर राहावयास येतो. म्हणोन बाईची कमाई तिसरे साली एकदाच. मधली दोन साले लोकांच्या तारा बदलून, खुंट्या घासून चूल पेटती ठेवावी. यंदा दहा तंबोरे विकले गेले आणि खर्चवेच जाऊन तीनशे मोहरा उरल्या, आणि बाईचे हात तो थरथरू लागले होते, पटाशी धरवेना. तीनशे सगळ्या ठेवीत पडल्या तर काम थांबवून सुखाने बसावे. कर कापला तर आणखी तीन साले त्याच हातांनी भोपळे कोरावे, ऐसा पेच.

मग बाई करकचेरीस गेली. तेथे फडणीस विसाजीपंत, बहुत शिस्तीचे. त्यांनी शंभर माफ, दोनशेंवर कर, ऐसें मांडिले. बाईने मागील दोन सालांची माफी आपण घेतलीच नाही, ती आता द्यावी म्हणितले. पंत हसले आणि बोलिले, "बाई, साल सरलं की माफी सरली. कालचं जेवण आज मागता येतं का?"

"काल जेवले कुठं, पंत? ताट वाढलेलं तसंच पडलंय. तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, माझा भोपळा काही महिन्याला वाळत नाही."

कचेरीत खसखस पिकली, आणि पंत रुसले, आणि वाद राणीसाहेबांपुढे गेला. राणीसाहेबांनी दोन्ही सालांची दफ्तरे आणविली. पाहतात तो बाईचे नाव आहे आणि पुढे माफीची जागा कोरी. मग पंतांस पुसिले, "ही कोरी जागा कोणाची?"

पंत करडे खरे, पण लबाड नव्हेत. दफ्तरावर बोट ठेवून बोलिले, "बाईचीच, सरकार."

मग हुकूम जाहला की, मागील तीन सालांत न घेतलेली माफी ज्याची त्याची राहील. आधी चालू सालची घ्यावी, मग जुनी. नौबत झडली, पेढे वाटले, आणि आंबा लावणारे, मूर्ती घडविणारे, नाटकमंडळ्या, ज्यांस कमाई सालोसाल सारखी नाही ते अवघे आपल्या कोऱ्या जागा पाहावयास लोटले, आणि पंतांनी स्वमुखे एकेकास वाचून दाखविल्या. बाईच्या तीनशे मोहरा अखंड ठेवीत पडल्या, आणि तिने पटाशीस तेल लावून ती फडक्यात गुंडाळिली.

सारांश, त्या साली राज्यात लढाई जाहली नाही, किल्ला घेतला नाही. एका बाईने आपली दोन कोरी साले मात्र फत्ते करून घरी आणिली.