चार भोकांची मशीन

दत्तात्रेय पाटलांनी 'दोन' म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पनवेलच्या दुकानदाराने रेकॉर्डिंगच्या मशिनी काचेवर मांडल्या आणि म्हणाला, "काका, माइकचे इनपुट किती हवेत? तुम्हाला काय, दोन पुरेत." झालं! कंटेनर यार्डातल्या हेडक्लार्कला कोणी 'तुम्हाला काय' म्हणतं?

"चार द्या," दत्तात्रेय म्हणाले.

(गाणारी बाई एकच होती. पण ते त्या दुकानदाराला कशाला सांगायचं?)

गाणारी बाई म्हणजे त्यांची मावशी, कृष्णाबाई. आमच्या उरणकडे आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतो, धवलारीण वेळेवर हवी. हळदीपासून पाठवणीपर्यंत दर विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिने म्हणायचा. ती ओळ सोडते, मांडवातल्या बाया तीच ओळ मागून उचलतात. कृष्णाबाईंना जेवढे धवले येतात, तेवढे आता पंचक्रोशीत कोणाला येत नाहीत. आणि नेमकं डॉक्टरांनी त्यांचं गाणं बंद केलेलं, छातीत दम राहिला नाही म्हणून.

"सोनलची हलद गाते नि थांबते," मावशीने सांगून टाकलं.

सोनल दत्तात्रेयांची भाची. मामाचा मान त्यांचा, तसं हे धवले कायमचे धरून ठेवायचं कामही मामांनी स्वतःच अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. (शेजारपाजारच्या आम्हा सगळ्यांना मात्र त्यांनी महिनाभर सांगितलं.)

हळदीच्या सकाळी मांडवात वायरींचं जाळं पसरलं. एक साधा माइक बँडच्या बेंजोपुढे. एक साधा मागच्या खांबाला, जिथे बाया भाकऱ्या थापत होत्या. तो कशाला, तर 'वातावरणासाठी'. एक स्वतःच्या कॉलरला, परिचय करून द्यायला. आणि सगळ्यांत भारी, नाजूक माइक मावशीसमोर.

"मावशे, हा लय हुशार हाय बरं का. ह्याला मशीनमधून करंट द्यायला लागतो."

"करंट?" कृष्णाबाई पाटावरून ताडकन उठल्या. "हलदीचं पानी सांडलंय सगलीकडं, नि तू करंट सोडतंस? मना मारतंस का पोरीला?"

सोनल हळदीने माखलेले दोन्ही हात वर करून उभी राहिली, जशी काही पोलिसांनी पकडली.

"न्हाय गो मावशे! हे बघ, बंद केला. हे बटन, बंद. झालं?"

"आता कसा मानसात आयलास!" म्हणत मावशी बसल्या आणि त्यांनी धवला धरला.

बटण पुन्हा दाबायचं राहिलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या नाही आलं. मशीनवर चार पट्ट्या होत्या, तीन थयथय नाचत होत्या आणि एक निपचित पडलेली. 'मावशीचा सूर मुळातच शांत,' असं म्हणून दत्तात्रेयांनी भक्तिभावाने मान डोलावली.

लग्न पार पडलं आणि सगळी भावकी दत्तात्रेयांच्या ओटीवर ऐकायला जमली. मावशीला खुर्ची, आम्हाला चटई. दत्तात्रेयांनी पहिलं भोक, म्हणजे मावशीच्या माइकचं, लावलं.

काहीच नाही.

आवाज वाढवला. तरी काही नाही. कृष्णाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "दत्त्या, मी त्या दिशी गायले ना रं?"

दत्तात्रेयांनी गावाची ठेव हातात घेतली होती आणि तिची वाफसुद्धा उरली नव्हती. त्यांनी घाईघाईने कॉलरचा माइक लावला. "नमस्कार, मी दत्तात्रेय पाटील," आणि त्यानंतर नुसतं वडे खाल्ल्याचं मचमच. बेंजोवाल्यात बेंजो आणि रस्त्यावरच्या ट्रेलरचा हॉर्न.

उरलं भाकऱ्यांचं भोक. थप, थप, थप... आणि मागून मावशीची ओळ! लांबून, पण स्वच्छ. ती थांबली की भाकऱ्या थापता थापता बायांनी उचललेली तीच ओळ, अगदी कानाजवळ.

"सगला आयलंय!" कृष्णाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. दत्तात्रेय चटईवर मटकन बसले. वाचलो!

"खाडीपल्याड सांगावा धाडा गो, मामाला मांडवी बोलवा गो..." मशीन गात होती. मावशीने दम घेतला, आणि त्या दमात भाकऱ्या थापणाऱ्या भागुबाईंचा खणखणीत आवाज आला, "मामानं आनली चार भोकांची मशीन!"

आणि लगेच दुसरा आवाज, "नि लेंग्यात नाडी बायकोच घाली!"

तो कल्पिताबाईंचा होता. म्हणजे दत्तात्रेयांच्या धर्मपत्नीचा. सगळ्या बाया खदाखदा हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी मावशीची पुढची ओळ उचलली.

भागुबाईंनी पदर तोंडात कोंबला. कल्पिताबाई चहाचं बघायला म्हणून उठल्या. (चहा सगळ्यांच्या हातात होता.) एवढं बोलणं कापता येईल का, हे विचारायला दत्तात्रेयांनी दुकानदाराला फोन लावला.

"एकाच माइकवर आलंय ना, काका? मग बोलणं कापलं तर गाणंही तुटणार."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. दत्तात्रेयांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मावशी अजून डोळे पुसत होत्या.

"ऱ्हाऊ द्या सगला," ते म्हणाले, आणि त्यांनीच ते भावकीच्या ग्रुपवर पाठवलं.

तुळशीच्या लग्नानंतर खाडीपल्याड मांडवा गावी एका हळदीला दत्तात्रेय बोटीने पाहुणे म्हणून गेले. तिथे धवलारीण नव्हती, पण चार पोरी मोबाइलवर ऐकून ऐकून धवले पाठ करून आलेल्या. कृष्णाबाईंचा सूर हुबेहूब! दत्तात्रेयांची छाती भरून आली. शेजारच्या पाहुण्याला ते सांगणारच होते, की हे सगळं आपल्यामुळे बरं का. तेवढ्यात पोरींनी 'मामाला मांडवी बोलवा गो' म्हटलं, दम घेतला, आणि त्याच चालीत, हात जोडून, पुढचं कडवं धरलं:

"मामानं आनली चार भोकांची मशीन गो, लेंग्यात नाडी बायकोच घाली गो..."

मांडवातल्या बायांनी रीतीप्रमाणे ओळ मागून उचलली.

"जुनं दिसतंय," शेजारचा पाहुणा भारावून म्हणाला. "कोन असेल वो तो मामा?"

"कोन जाने," दत्तात्रेय म्हणाले, आणि त्यांनी सदरा हळूच खाली ओढला. कारण घाईत निघताना त्या दिवशी नाडी त्यांची त्यांनीच घातली होती, आणि ती बोटीतून उतरल्यापासून एका हाताने धरून ठेवावी लागत होती.