सोड्यांच्या डब्यामागचा बेडूक

सगळ्याची सुरुवात संध्याने फळीवरचा फोन उचलण्यापासून झाली. उचलून तरी कुठे नेला, तर पडवीतून कोठीच्या खोलीत. दहा पावलं. पण नव्या सुनेने सासरी एखादी वस्तू दहा पावलं हलवली की पुढे काय काय हलतं, हे तिला अजून कळायचं होतं.

तो फोन साधासुधा नव्हता. (दिसायला साधासुधाच होता. काळा, बटणांचा, पाठीला रबर लावलेला.) लग्नानंतर एकविसाव्या दिवशी सूरज मालवाहू जहाजावर रुजू व्हायला निघाला, तेव्हा त्याने तो तिच्या हातात ठेवला होता. "मिऱ्या गावाच्या या टोकाला ह्याच कार्डाला रेंज येते. कायम चालू ठेव. मी आठवड्यातून एकदा फोन करीन. वार सांगता येणार नाही, वेळ सांगता येणार नाही, पण करीन." एवढं बोलून तो गेला, त्याला आता तीन महिने झाले होते. जहाजावर फोनसाठी रांग लागते आणि माणशी चार-पाच मिनिटं मिळतात, हे तिला पहिल्याच फोनला कळलं. पुढे त्या चार-पाच मिनिटांवर आख्खा आठवडा काढायचा असतो, हे तिचं तिलाच कळलं.

त्या एकवीस दिवसांतले आठ दिवस सूरजने तिच्यासाठी कोठीची खोली सजवण्यात घालवले होते. बाकीचे नवरे बायकोला थंड हवेचं ठिकाण दाखवतात, ह्याने तांदळाची पोती दाखवली. पण प्रेमाने दाखवली. "पोती आवाज गिळतात," तो म्हणाला. भिंतीला गाद्या टेकवल्या, रुखवतातल्या गोधड्या दारावर टांगल्या, अंड्यांचे रिकामे ट्रे छताला चिकटवले आणि मधोमध स्टुलावर माइक. झाला स्टुडिओ. कारण चारचौघांत जिच्या तोंडून धड वाक्य फुटत नसे, ती संध्या माइकसमोर मात्र राजकन्या, राक्षस आणि दात पडलेली म्हातारी अशी तिघांची भांडणं एकटी लावत असे. पुण्याच्या एका कंपनीला मुलांसाठी अशा गोष्टी हव्या होत्या आणि त्यांनी तिला एक गोष्ट नमुना म्हणून मागितली होती. खोलीला सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचा, वास येई. पण वास रेकॉर्ड होत नाही, ही विज्ञानाची कृपा.

तर, फोन. मागच्या आठवड्यात तो वाजला तेव्हा संध्या आत राक्षस झाली होती. बाहेर सासूबाईंनी, म्हणजे बकुळाबाईंनी, तो घेतला. सुरमई किती आली, चिमाकाकूंच्या जावयाला केस कसे उरले नाहीत, बोटीचं इंजिन कसं खोकतं, अशी साडेतीन मिनिटं गेली. मग सूरजने काहीतरी विचारलं असावं.

"संध्या ना? ती आत गोष्ट सांगते. बरी हाय."

बरी हाय. आठवडाभर साठवलेलं सगळं सासूबाईंनी दोन शब्दांत उरकलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याने फोन आत न्यायला सुरुवात केली. माइकच्या मागच्या फळीवर, सोड्यांच्या डब्याआड. अगदी सायलेंटवर. आवाज नाही, थरथर नाही, आला तर नुसता उजेड दिसेल. यात कुणाला काय त्रास होणार होता?

"फोन खंय गेला गो?" बकुळाबाईंनी विचारलं.

"चार्जिंगला लावलाय. आमच्या खोलीत," संध्या म्हणाली. नवऱ्याच्या फोनची वाट बघताना सापडणं म्हणजे कपडे वाळत घालताना पदर उडण्यासारखं; कुणी काही बोलत नाही, पण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

सोमवारी तिने गोष्ट पुण्याला पाठवली. तिथे संस्कृती नावाच्या मॅडम गोष्टी तपासत. त्यांचं उत्तर तासाभरात आलं.

"आवाज गोड आहे. पण राजकन्या बोलायला लागली की मागे बेडूक ओरडतो. गोष्टीत बेडूक नाही ना?"

गोष्टीत बेडूक नव्हता. संध्याने ऐकून पाहिलं. (बोलताना कानाला हेडफोन लावत नसे ती, स्वतःचा आवाज कानात आला की ती लाजून गप्प होई.) खरंच होता. टर्र-टर्र-टर्र, टर्रर्र. थांबे, दम खाई, पुन्हा सुरू. मंगळवारी तिने गोष्ट पुन्हा पाठवली, बेडूकही पुन्हा गेला. या वेळी मॅडमनी लिहिलं, "हा विजेचा आवाज आहे. घरातलं एखादं उपकरण माइकमध्ये शिरतंय. शोधून बंद करा. शुक्रवारी चारपर्यंत स्वच्छ गोष्ट आली तर ठीक, नाहीतर दुसरा आवाज निवडावा लागेल."

ही बातमी संध्याने जेवताना हळूच सांगितली आणि घर पेटून उठलं.

"फ्रीझर असणार," सासरे म्हणाले. दत्ताराम तांडेल उभा जन्म समुद्रात बोट घालत आले होते. घरातल्या विजेविषयीही त्यांचं तसंच होतं, दिसलं की हात घालायचा. "तुझा तो फ्रीझर पोट दुखल्यासारखा कण्हतो."

"माझा फ्रीझर गुणी हाय," बकुळाबाई म्हणाल्या. "तुमचा बोटीच्या बॅटरीचा चार्जर बघा आधी. दिवसभर पडवीत गुरगुरत बसतो. तुमच्यासारखाच."

बुधवारी फ्रीझर बंद झाला. बेडूक गेला. बकुळाबाईंचं तोंड उतरलं. दहा मिनिटांनी बेडूक परत आला आणि त्यांचं तोंड उजळलं. मग चार्जर बंद. बेडूक गेला, आला. मग इन्व्हर्टर, मग देव्हाऱ्यातली विजेची समई, मग न्हाणीतला गिझर. शेवटी दत्ताराम कुंपणावरून चिमाकाकूंना म्हणाले, "वैनी, मिक्सर थांबवा जरा, सून राजकन्या होतेय." चिमाकाकूंनी वाटण पाट्यावर घेतलं आणि वर म्हणाल्या, "होऊ दे बापडी. नवरा जवळ नाय, काहीतरी तर व्हायला होवं."

संध्याकाळी दत्तारामांनी सरळ मेन स्विच पाडला. घर गप्प झालं. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर होता. संध्याने चार वाक्यं बोलून दाखवली आणि तिघांनी कान लावून ऐकलं.

टर्र-टर्र-टर्र.

"घरात लाईट नाय आणि आवाज येतोय," बकुळाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे हा विजेचा नव्हे."

गुरुवारी सकाळी कोठीच्या दारात नारळ ठेवला गेला. दत्तारामांनी टोपी घातली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या सुनेच्या गोष्टीत जो काय बेडूक शिरला असेल, त्याला त्याच्या डबक्यात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बकुळाबाई म्हणाल्या.

"व्हय म्हाराजा," संध्याही म्हणाली, मनापासून. तिच्या डोक्यामागे तीन हातांवर सोड्यांचा डबा होता आणि डब्याआड फोन. त्याच्याकडे एक नजर टाकून, उजेड नाही हे पाहून, तिने पुन्हा हात जोडले.

देवाने नारळ ठेवून घेतला, बेडूक मात्र होता तिथेच ठेवला. तेव्हा दुपारी राजिवड्याहून यासीन वायरमनला बोलावलं. त्याने कालच्या मेन स्विचपर्यंतची सगळी हकिकत ऐकली, माइक पाहिला, पोती पाहिली, हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटले. मग एक डोळा उघडला.

"वहिनी, आत फोन आहे?"

"नाही," संध्या म्हणाली. एक सेकंद लवकरच म्हणाली.

"कारण हा आवाज फोनचा आहे. फोनला रेंज मिळेना की तो जास्त जोर लावून शोधतो. माणसाला ऐकू येत नाही, माइकला येतो. सायलेंटवर असला तरी."

"फोन तर चार्जिंगला हाय," बकुळाबाई म्हणाल्या. "त्यांच्या खोलीत. कालपण तिथंच होता. परवापण."

"काल तर तुम्ही मेन पाडलं होतंत, काकी. चार्जिंग कशावर चाललं होतं?"

 यासीनच्या कानातल्या हेडफोनमधून बारीक टर्र-टर्र तेवढी ऐकू येत होती. बकुळाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सोड्यांचा डबा उचलला.

 त्यांनी मागचा फोन हातात घेतला, पदराने पुसला. दत्तारामांना अचानक बोटीची बॅटरी आठवली आणि ते बाहेर गेले. संध्या तांदळाच्या पोत्याचे टाके मोजू लागली.

"आमचा तन्वीरभाई कतारला असताना," यासीन पक्कड पिशवीत टाकत म्हणाला, "भाभी फोन पिठाच्या डब्यात ठेवायची. सहा महिने आम्ही चपात्या खाल्ल्या, कुणाला पत्ता नाही. तुमचे सोडे निदान आठवड्यात पकडले गेले." आणि चहा न घेता गेला.

शुक्रवारी दुपारी फोन परत पडवीच्या फळीवर गेला. शेजारी खुर्ची टाकून बकुळाबाई बसल्या. "मी हलत नाय इथून," त्या म्हणाल्या. "आला की दार वाजवते. तू जा, हो राजकन्या."

संध्याने दार लावलं. डब्याआडची जागा रिकामी होती आणि तिकडे बघायची सवय काही गेली नव्हती. तिने बारा मिनिटांची गोष्ट सांगितली. राजकन्या सातव्या मिनिटाला बुरुजावर चढून समुद्राकडे बघत बसते. तिथे तिचा आवाज जरा जास्तच खरा झाला. दार वाजलं नाही. म्हणजे फोन आला नाही.

ती बाहेर आली, तर बकुळाबाई खुर्चीवर नव्हत्या. दाराबाहेर जमिनीवर बसल्या होत्या, हातात फोन.

"आला होता," त्या म्हणाल्या. "दार वाजवणार होते. हात उचलला पण. मग म्हटलं, गोष्ट खराब होईल तुझी."

संध्या दारातच उभी राहिली.

"म्हणून मी काही बोललेच नाय. 'ऐक' म्हटलं त्याला आणि फोन दाराला लावून धरला. चार मिनिटं. हात भरून आला माझा." मग त्या म्हणाल्या, "सगळं तुझंच होतं आज."

 संध्या खाली वाकली आणि सासूबाईंचा तो भरून आलेला हात दाबत बसली.

मग लॅपटॉप उघडून तिने गोष्ट ऐकली. सात मिनिटं आरशासारखी स्वच्छ. राजकन्या बुरुजावर चढली आणि तिथून पुढे चार मिनिटं, दाराला लावलेल्या फोनची एकसारखी टर्र-टर्र-टर्र.

साडेतीन वाजले होते. बकुळाबाईंनी फोन उचलला आणि थेट चिमाकाकूंच्या परसात जाऊन उभ्या राहिल्या. संध्याने बुरुजापासून पुढची गोष्ट पुन्हा सांगितली आणि चारला दोन मिनिटं कमी असताना पाठवली. "छान. बेडूक गेला," मॅडमचं उत्तर आलं. आवाज तिचाच निवडला गेला.

बिघडलेली चार मिनिटं मात्र तिने पुसली नाहीत. वेगळी ठेवली. पुढचा आठवडाभर रोज दुपारी ती दार लावून, हेडफोन घालून, ती ऐके. राजकन्या बोले आणि मागे टर्र-टर्र चाले. तेवढा वेळ तो तिकडे, कुठल्या तरी समुद्रात, कानाला फोन लावून होता. एका दुपारी तिच्या लक्षात आलं की आपण राजकन्या ऐकतच नाही, नुसता बेडूक ऐकतो.

पुढच्या गुरुवारी फोन आला. बकुळाबाईंनी तो न उचलताच तिच्या हातात दिला आणि कुणी न सांगता परसात निघून गेल्या.

"ऐकलंस?" संध्याने विचारलं. एवढं विचारायलाच तिचं अर्धं मिनिट गेलं. "त्या दिवशी?"

"काय?"

"आईंनी फोन धरला होता ते."

"हां, ते," सूरज म्हणाला. "अगं, आईला सांग, रेडिओ चालू ठेवून असा फोन धरत जाऊ नको. मी चार मिनिटं हॅलो हॅलो करत होतो, तुला दे म्हणून. पुढचा दिवसभर वाईट वाटलं. तशी ती रेडिओवरची बाई बरी सांगत होती," तो म्हणाला, "पण मागे आपला फ्रीझर केवढा कण्हतो."