‘जरा थांब’ या ओळीची गोष्ट

एका जंगलात एक यंत्र होतं. हसू नका. जंगलात यंत्र कुठून आलं, असं विचारणाऱ्या मुलांनी सिंह बोलतो हे मात्र आजवर मुकाट्याने ऐकून घेतलं आहे.

तर यंत्र होतं. ते पहाटे भोंगा वाजवायचं. वणवा दिसला की घंटा द्यायचं. पायाने कळ दाबली की झऱ्याचं फाटक उघडायचं आणि चरातून पाणी खाली तळ्यात यायचं.

या यंत्राच्या पोटात गाभा होता. गाभा म्हणजे झाडाच्या सालीवर कोरलेले हुकूम. एक ओळ, एक हुकूम. यंत्र वरून खाली ओळी वाचायचं आणि अगदी तसंच वागायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, म्हणून दरबारात त्याला मोठा मान होता.

गाभ्यातली ओळ बदलायची तर एक रीत होती. बदलासोबत पळसाचं पान जोडायचं. पानावर लिहायचं, काय बदललं आणि का बदललं. जाणत्या प्राण्यांनी बदल वाचायचा आणि पटला तर पानावर पाय उमटवायचा. शेवटचा पाय शलाकाबाईंचा. तो उमटला की बदल गाभ्यात जायचा आणि पान वडाला टांगलं जायचं.

शलाकाबाई म्हणजे सायाळ. त्यांच्या अंगभर काटे होते आणि उरलेले जिभेवर. लिहायचं झालं की त्या पाठीचाच एक काटा उपसायच्या. कुणाचं पान आळशासारखं लिहिलेलं दिसलं, की संपलंच.

“‘बदल केला’ म्हणे! बदल केलास ते दिसतंय मला. का केलास ते सांग. आई रागावली म्हणून?”

सगळं जंगल त्यांना टरकून असायचं. बाईंना ते मनातून आवडायचं, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या.

त्या वर्षी सिंहमहाराजांचा राज्याभिषेकाचा उत्सव जवळ आला. महाराज त्या दिवशी सगळ्यांसमोर शाही स्नान करायचे. पण कळ दाबली की पाणी लगेच येत नसे. फाटक आधी बोटभर उघडायचं, मग घुटमळायचं, मग धो धो. तेवढा वेळ महाराज आयाळ मोकळी सोडून कोरडेच उभे.

“आम्ही राजे! आम्ही वाट पाहायची?” महाराज गरजले.

वेगू नावाचं एक वानर होतं. हुशार होतं, उगाच नावं ठेवायची नाहीत. त्याने गाभा उघडला आणि ओळी शोधून काढल्या. ‘फाटक बोटभर उघड.’ ‘जरा थांब.’ ‘फाटक पूर्ण उघड.’ त्याने नकलेच्या सालीवर मधली ओळ खरवडून टाकली आणि पानावर लिहिलं, ‘किरकोळ साफसफाई’.

पान आधी मोराकडे गेलं. मोराने मान तिरकी करून पाहिलं.

“उरलेल्या दोन ओळींत अंतर फार पडलंय. गाभा कसा देखणा दिसला पाहिजे.”

अंतर किती असावं यावर दुपारपर्यंत वाद झाला. ओळ का काढली, हे कुणी विचारलंच नाही. वेगूने अंतर कमी केलं आणि मोराने पाय उमटवला.

मग पान हत्तीकडे गेलं. हत्ती म्हणाला, “वेगू गुणी पोर आहे,” आणि पाय ठेवला. अख्खं पान त्या पायाखाली गेलं. आता खाली काय लिहिलंय ते दिसेना. नुकसान फारसं झालं नाही, कारण फारसं काही लिहिलेलंच नव्हतं.

शेवटी पान शलाकाबाईंपुढे आलं.

“ही ओळ होती कशाला?” बाईंनी विचारलं.

“कुणालाच माहीत नाही, काकू. म्हणजे गरज नसणार.”

“तुझ्या पोटात किती आतडी आहेत आणि कोणतं काय करतं, माहीत आहे? नाही ना? काढू का थोडी?”

वेगूने पोटावर हात ठेवला. “पण काकू, उद्या सकाळी उत्सव आहे. महाराजांनी सांगितलंय, शलाकाबाईंनी अडवलं तर गाभ्याची राखण दुसऱ्या कुणाकडे देऊ.”

बाईंनी पान बाजूला ठेवलं. त्या वडाकडे निघाल्या. ती ओळ ज्याने घातली त्याने पानावर कारण लिहिलं असणारच. नसेल लिहिलं, तर त्या टोणग्याचं नाव सगळ्या जंगलात गाजवायचं, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं.

पान सापडलं. वाळून कुरकुरीत झालं होतं. त्यावर एवढंच लिहिलं होतं, ‘गरजेचं होतं म्हणून घातली.’ आणि खाली सायाळीचा लहानसा पाय.

बाईंनी पान उलटं करून पाहिलं. सुलटं करून पाहिलं. पाय त्यांचाच होता, आणि अक्षरही त्यांचंच.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! बाईंना लाज वाटली. फार वाटली. अंगावरचे काटे आपोआप आडवे झाले. आपण ही ओळ का घातली, ते काही केल्या आठवेना. आठवला तो फक्त एक विचार. ‘कारण तर अख्ख्या जंगलाला माहीत आहे, लिहायचं काय त्यात!’

आता दोन वाटा होत्या. बदल अडवायचा तर दरबारात हे पान दाखवावं लागणार. मंजूर केला तर कुणाला कळणारही नाही, आणि राखणही आपल्याकडेच राहील. बाईंनी पान काट्यांत खोचलं. मग उठल्या आणि फाटकापासून चराच्या काठाकाठाने चालू लागल्या. आठवत नाही तर निदान पाहून तरी येऊ.

चराच्या वळणावर, कोरड्या गोट्यांत, पाणमांजरीची पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. इवलीइवली. डोळे नुकतेच उघडलेले.

“अगं, इथे काय निजवलंस यांना?” बाई ओरडल्या. “सकाळी पाणी येतं ना इथून!”

“येतं की,” पाणमांजर शांतपणे म्हणाली. “आधी बोटभर येतं. पोरांच्या पोटाला गार लागलं की उठतात, कुरकुरतात आणि काठावर चढतात. मग येऊ दे की धो धो. इथे कोल्ह्याची नजर पडत नाही, शलाकामावशी. माझ्या आईने तुमच्याकडे रडून मागून घेतली होती ती ओळ. विसरलात?”

बाईंनी पिल्लं एक एक करून मोजली. एक पाय उमटवला असता, की संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उत्सवाआधी, त्या पाणमांजरीला आणि पिल्लांना घेऊन दरबारात गेल्या. जुनं पान त्यांनी सगळ्यांसमोर धरलं.

“ही ओळ मी घातली. कारण लिहिलं नाही. चूक माझी. पण ओळ राहिली पाहिजे.” आणि का, तेही त्यांनी सांगितलं.

दरबार खदाखदा हसला. मोराला तर पिसारा सावरेना. हत्तीने विचारलं, “असं कसं पान मंजूर झालं?”

“दादा, कडेला पाहा. अर्धा पाय तुमचा आहे.”

“असेल,” हत्ती म्हणाला. “मी कुणाला नाही म्हणत नाही.”

“म्हणजे आम्ही थांबायचं?” महाराजांनी डोळे वटारले.

“एका जांभईपुरतं, महाराज. आपण तशीही देताच.”

महाराज गर्जना करणार, इतक्यात झुळक्या नावाचं सगळ्यांत धाकटं पिल्लू पुढे सरकलं आणि महाराजांच्या शेपटीला चावलं. महाराजांना गुदगुल्या झाल्या. राजाला हसू आलं की दरबाराला आवरत नाही. ओळ राहिली.

उत्सवात वेगूला शाल मिळाली, कारण ओळीचा प्रश्न आधी त्याने काढला. शलाकाबाईंना विलंबाबद्दल ताकीद मिळाली.

बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी आपला सगळ्यांत चांगला काटा उपसला. या वेळी पानावर नाही, कारण वडापर्यंत जातो कोण? गाभ्यातच, त्या ओळीच्या शेजारी, त्यांनी सगळं कोरलं. पिल्लं, गार पोट, कोल्हा, सगळं. यंत्र ओळीबाहेरचा तो मजकूर वाचत नसे. तो प्राण्यांसाठी होता. बाईंना त्या दिवशी शांत झोप लागली.

पुढे झुळक्या मोठा झाला. गाभ्याचं काम शिकला. हुशार निघाला. एके दिवशी तो आपला पहिला बदल घेऊन बाईंकडे आला. पानावर मोराचा पाय होता. हत्तीचाही होता.

“काय बदललंस, बाळा?” बाईंनी कौतुकाने विचारलं.

“‘जरा थांब’ शेजारी कुणीतरी लांबलचक काहीबाही कोरून ठेवलंय, आजी. यंत्र ते वाचतसुद्धा नाही. काढून टाकलं.”

“तू वाचलंस का ते?”

“छे! केवढं मोठं आहे!”

बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या इतक्या हसल्या, की काटे खुळखुळले. झुळक्याही हसला. त्याला वाटलं, बदल मंजूर झाला.

तात्पर्य : मुलांनो, आपण काय केलं आणि का केलं, ते नेहमी नीट आणि सविस्तर लिहून ठेवावं. म्हणजे आपण ज्यांना वाचवलं, त्यांना मोठेपणी पुसायला काहीतरी मिळतं.