एकशे आठ सुगडं आणि एक पाय

मी एकतीस वर्षं देवासच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलंय. एकतीस वर्षं! माझ्या सहीशिवाय एक खिळासुद्धा गेटबाहेर गेला नाही. म्हणून फत्तेसिंगच्या पायासाठी पैसे उभे करायचं ठरलं तेव्हा मी छाती ठोकून म्हटलं, "प्लॅनिंग माझ्यावर सोडा! तिळाएवढी गडबड होणार नाही!"

फत्तेसिंग आमच्या मंडळाच्या हॉलचा चौकीदार. जवळच्या टोंकखुर्दकडचा. नऊ वर्षांपूर्वी सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला. फुकटात एक नकली पाय मिळाला होता, पण तो असा जड आणि असा घासायचा की जखमा व्हायला लागल्या. शेवटी त्याने तो पेटीत टाकला आणि कुबडी धरली. इंदूरच्या एका केंद्रात हलका, चांगला पाय बनवून देतात. पण त्याची किंमत ऐकून माझेच दोन्ही पाय लटपटले!

बरं, माणूस महामानी. एका दिवाळीला आमच्या शालिग्रामने त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली, तर दुसऱ्या दिवशी हा पाचशेची मावाबाटीची मिठाई घेऊन शालिग्रामच्या दारात हजर! म्हणून मी ठरवलं, फत्तेसिंगला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. आणि बायकांनाही नाही. बायकांना कळलं की अख्ख्या देवासला कळलं!

हो, हे मीच म्हटलं होतं. लिहून घ्या.

शालिग्राम म्हणजे आमचा पेंटर. अर्ध्या बाजाराच्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याने कल्पना काढली, की आपण सकाळी फिरायला जाणारे एकोणीस निवृत्त बाप्ये आहोत, घरी कोणाला आपला काही उपयोग नाही, तर रोज दोन तास बसून मातीची भांडी रंगवू. मग प्रदर्शन लावू आणि विकू. मी लगेच कुंभाराकडे गेलो. जानेवारी लागला होता. त्याच्याकडे सुगडांचा डोंगर! घाऊक भावात एकशे आठ उचलली. एवढी सुगडं नेमकी याच महिन्यात का दिसतात, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. माझी बायको यमुना असती तर तिने तिथेच हटकलं असतं. पण ती पंधरा दिवस धारला, भावाकडे.

हॉलच्या मागच्या खोलीत दोन आठवडे आमचा कारखाना चालला. काय सांगू! ज्या हातांनी जन्मभर फायलींवर शेरे मारले, ते हात सुगडावर मांडण्याच्या, म्हणजे आमच्या माळवी रांगोळीच्या, पांढऱ्या रेघा ओढत होते आणि थरथरत होते. एका निवृत्त फौजदाराने देवासची माताजीची टेकडी काढली, ती हुबेहूब समोसा झाली. पण तो रडवेला झाला नाही, त्याने दुसरं सुगड घेतलं. कोणी राजकारणावर भांडलं नाही, कोणी गुडघेदुखी काढली नाही. मला वाटतं, आपण कोणाच्या तरी कामाचे आहोत हे आम्हां सगळ्यांना फार दिवसांनी वाटत होतं.

माझी नात ईशानी इंदूरहून आली आणि तिने प्रत्येक सुगडाच्या बुडाला चिकटपट्टी लावली. तिच्यावर फक्त "₹५००". बाकी काही लिहायचं नाही, गुप्तता!

"आजोबा, पण कशासाठी ते तरी लिहायला पाहिजे ना?"

"बेटा, प्लॅनिंग माझं आहे."

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. हॉलचं रजिस्टर कोरं. मी नाव लिहिलं, सही केली. सकाळी टेबल मांडलं, त्यावर सुगडं रांगेत लावली, आणि फत्तेसिंगला म्हटलं, "लक्ष ठेव हं. पाच वाजता लोक येतील."

"हव भाऊसाब, बेफिकर रहो!"

मी बेफिकीर झालो आणि घरी जाऊन आडवा झालो.

पावणेपाचला पोचलो. टेबल रिकामं! त्यावर हळदीचे डाग, तिळाचे चार दाणे आणि गुलाबाच्या दोन पाकळ्या. फत्तेसिंगचा चेहरा मात्र फुललेला.

"सब निपट गया भाऊसाब! एकशे आठ की एकशे आठ! मैंने खुद एक-एक के हाथ में दी!"

"आणि पैसे?"

"पैसे? वाण के पैसे?"

त्याच वेळी आतून अक्का आल्या. अक्का म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीसचा. "शरच्चंद्रा, यमुनेला सांग, वाण फार सुंदर पाठवलंन्! वाणासाठी आणलेल्या माझ्या चहाच्या गाळण्या मी पोत्यातून काढल्यासुद्धा नाहीत."

"अक्का... आज हळदीकुंकू होतं?"

"चाळीस वर्षं याच रविवारी असतं!"

"पण रजिस्टरात..."

"अरे, गणेशचतुर्थी काय रजिस्टरात लिहितात?"

संक्रांतीचे दिवस, हळदीकुंकवाच्या बायका, आणि समोर टेबलावर रांगेने मांडलेली रंगीत सुगडं! दुसरं काय होणार होतं? त्यांनी फत्तेसिंगला विचारलं, "ही कोणी ठेवली?" तो म्हणाला, "भाऊसाब ने." भाऊसाहेबांनी म्हणजे यमुनेने, हे बायकांचं गणित. आणि वाण लुटायचं म्हटल्यावर बायका मागे राहतात होय?

मी भडकलो. आणि भडकलेला माणूस जे करतो तेच केलं. ओरडलो, "अरे फत्तेसिंग, तुझा पाय वाटून टाकलास तू! स्वतःचा पाय!"

"पाय? कसला पाय?" अक्कांनी विचारलं. मग मला सगळं सांगावंच लागलं. केंद्र, किंमत, दोन आठवड्यांची रंगवारंगवी, सगळं. फत्तेसिंग ऐकत राहिला. मला वाटलं, हसेल. निदान रडेल. तो नुसता म्हणाला, "मैंने तो माँगा नहीं था, भाऊसाब." आणि कुबडी टेकत खिडक्या बंद करायला निघून गेला.

मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो, सुगडं गेल्यापेक्षा जास्त.

पण गप्प बसेन तर मी स्टोअरवाला कसला? दुसऱ्या दिवशी माल परत गोळा करायला निघालो. पहिलं घर सावित्रीबाईंचं. दारातच म्हणाल्या, "या या! काय हो तुमची यमुना! पाचशेचं वाण? चिकटपट्टीसुद्धा काढली नाहीन्, म्हणजे आम्हांला किंमत कळावी! आता आम्ही काय द्यायचं, सोन्याची फुलं?"

"तेच... ते सुगड जरा परत मिळेल का?"

सुगड देवापुढे होतं, त्यात हरभरा, ऊस, बोरं. "वाण परत? अहो, वाण मागायला आलेला पुरुष मी जन्मात पहिल्यांदा पाहिला!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

चार घरं फिरलो. चार तिळगूळ मिळाले. पाचव्या घरी माझ्या आधी बातमी पोचली होती: यमुना श्रीमंती मिरवते आणि नवरा मागून वाण परत मागत फिरतो! संध्याकाळी यमुना धारहून उतरली, तर रिक्षावालाच म्हणाला, "भाभीजी, सुना है पाँच-पाँच सौ के वाण बाँटे?"

घरी येऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "अहो, एका बाईला तरी विचारायचं होतंत?"

"गुप्तता होती."

"कोणापासून? ज्याचा पाय त्याच्यापासूनच?"

मी वर्तमानपत्र उघडलं. उलटं होतं.

सकाळी ती अक्कांकडे गेली. तिथे काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण यावेळी गुप्तता त्यांची होती! मला एवढंच कळलं, की रथसप्तमीला हॉलमध्ये पुन्हा सगळ्या बायका जमल्या. फत्तेसिंग दारातल्या खुर्चीवर. अक्का सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"फत्तेसिंग, त्या दिवशी वाण आम्ही कोणाच्या हातून घेतलं?"

"मेरे हाथ से, अक्काजी. गलती हो गई."

"गलती कसली? ज्याच्या हातून वाण घ्यावं, त्याला वाण द्यावं. आमच्यात कोणाचं वाण अंगावर ठेवत नाहीत. आणि वाणाला नाही म्हणत नाहीत. म्हणशील?"

फत्तेसिंग गोंधळला. बायका एकेक करून पुढे आल्या आणि त्याच्या मांडीवर पाचशे-पाचशेची पाकिटं ठेवत गेल्या. सावित्रीबाईंनी तर वर तिळगूळही दिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग त्याने टोपी काढली, पाकिटं तीत गोळा केली, आणि फार हळू म्हणाला, "वाण है तो... ना कैसे बोलूँ."

आम्हां एकोणीस जणांना दोन आठवड्यांत जे सुचलं नव्हतं, ते अक्कांनी चार वाक्यांत केलं. मला आनंद झाला. थोडी जळजळही झाली, खोटं का बोलू!

पुढच्या आठवड्यात मी फत्तेसिंगला घेऊन इंदूरच्या केंद्रात गेलो. फॉर्म मी डिसेंबरातच भरून पाठवला होता. सुवाच्य अक्षर, तीन सह्या, एक खाडाखोड नाही. निदान हे तरी माझं काम चोख होतं! तिथल्या मुलीने फॉर्म वाचला, आत जाऊन डाव्या पायाचं सगळं सामान आणून मांडलं, आणि म्हणाली, "चलिए, बायाँ पैर दिखाइए."

फत्तेसिंगने डावा पाय पुढे केला. बूट, मोजा, पाच बोटं, सगळं जागच्या जागी!

ती मुलगी फॉर्मकडे बघे, पायाकडे बघे, मग माझ्याकडे बघे. कित्येक वर्षं मी रोज हॉलच्या त्या दारातून आत जात होतो. तो समोर बसलेला, मी समोर उभा. मोकळा पायजमा माझ्या डाव्या हाताला, म्हणून लिहून टाकलं डावा! दोन आठवडे त्याच्यासाठी टेकड्या रंगवल्या, पण एकदाही त्याच्या शेजारी बसून "कुठला पाय रे बाबा, दुखतो का?" एवढं विचारलं नव्हतं.

फत्तेसिंग मात्र असा हसला, असा हसला, की कुबडी खाली पडली.

"भाऊसाब," तो डोळे पुसत म्हणाला, "अब की बार फारम मैं भरूँ?"

मी त्याला माझं पेन दिलं.