सर्वानुमते विरोध

सर्वजन सुमंगल पक्षाच्या बालाघाट जिल्हा शाखेत लोकशाही कमी पडत आहे, ही गंभीर बाब भोपाळच्या प्रदेश कार्यालयाच्या निदर्शनास आली. शाखेत पोस्टर, पदाधिकारी, हारतुरे, कशाचीच वानवा नव्हती. फक्त लोकशाहीचा साठा संपला होता, आणि तो नेमका केव्हा संपला हे कुणालाच सांगता येत नव्हते.

चौकशीसाठी श्रुतिका मॅडम आल्या. मूळ इकडचेच, शिक्षण भोपाळचे, हुद्दा ‘संघटन व्यावसायिकीकरण सल्लागार’. त्यांनी जिल्हा कार्यकारिणीची बैठक मागच्या खुर्चीवर बसून पाहिली. जिल्हाध्यक्ष चंद्रशेखर भाऊ ठराव वाचायला घेत, आणि क्रियापद यायच्या आत सगळे हात वर. हातांना इतके वळण लागले होते की मध्येच वीज गेली, पंखा थांबला, भाऊ वर पाहून “अरे!” म्हणाले, तर तेही मंजूर झाले.

“अंकलजी, इथे कुणी विरोधच करत नाही का?” मॅडमनी विचारले.

भाऊंना वाटले, कौतुक होत आहे. “नाही जी! एकदम शिस्त. मागच्या साली एकाच्या तोंडून ‘पण’ निघालतं. त्यानं लगेच माफी मांगतली.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग बॅगेतून नवी कार्यप्रणाली काढून वाचून दाखवली. ज्या ठरावाला विरोध नाही त्यावर चर्चा झाली नाही असे समजावे. ज्यावर चर्चा झाली नाही तो रद्द समजावा. आणि ज्या जिल्ह्याला ‘अ’ श्रेणी मिळणार नाही त्या जिल्ह्याची तिकिटे यापुढे भोपाळहून ठरतील.

शेवटचे वाक्य भाऊंनी परत वाचायला लावले. आजवर जिल्ह्याची तिकिटे त्यांच्या कुर्त्याच्या खिशात राहत. खिसा चाचपत ते म्हणाले, “पाह्यजे तं उद्यापासून विरोध सुरू करतो. मॅडम, किती लागते?”

“प्रत्येक ठरावाला निदान एक.”

झाले. भाऊ विरोधक शोधायला लागले. हे काम सोपे नव्हे. विरोध करील पण विरोधात जाणार नाही, असा खात्रीचा माणूस लागतो. भाऊंची नजर सगळ्या खुर्च्यांवरून फिरून प्रेमलालवर थांबली.

प्रेमलाल लांजीकडचा. धानाची शेती धाकट्या भावाच्या गळ्यात टाकून तो पक्षात आला, आणि सभेआधी माणसे सतरंजीवर सरकवून सरकवून बसवणे, या पदावर राहिला. पण त्याचा जीव सभेत नव्हता, कीर्तनात होता. तो जातीचा टाळकरी. बुवांच्या मागे उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावर असे काही तेज येई की बुवांनाही मागे वळून पाहावेसे वाटे. पक्षावर त्याचे प्रेम होते ते एकाच कारणाने: पक्षाच्या कार्यालयाला आंगण होते.

ते कार्यालय मुळात महागू काकांचे घर. काकांनी ते पक्षाला देऊन टाकले, तोंडी, जसे देवाला देतात तसे. मागितले एवढेच, की मागची खोली बायकोला, जिजाबाईला, राहू द्यावी आणि दर कार्तिकात आंगणात हरिनाम सप्ताह व्हावा. काका गेले. जिजाबाईचे गुडघे गेले. आता ती खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच येऊ शके. पण उंबऱ्यासमोरच आंगण, आणि आंगणात सात दिवस कीर्तन. तिचे वर्ष म्हणजे ते सात दिवस. बाकीचे दिवस नुसते यायचे म्हणून येत. गोंदियाहून बुवांना बसने आणायचे आणि सप्ताहभर त्यांच्या मागे टाळ धरायचा, हे प्रेमलालचे व्रत.

“भाऊ, मले विरोध जमत नाही जी,” प्रेमलाल हात जोडून म्हणाला.

“तुले कराचा नाही लेका, वाचाचा आहे. मी लिहून देईन.”

असा प्रेमलाल जिल्ह्याचा पहिला ‘असहमती प्रमुख’ झाला. त्याला हात असलेली खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. पहिला ठराव भाऊंच्या वाढदिवसानिमित्त अभिनंदनाचा होता. प्रेमलालने उभे राहून वाचले, “या ठरावाला माझा तीव्र विरोध आहे. अभिनंदन अपुरे आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. अभिनंदन वाढवण्यात आले.

मग विरोधाला असा बहर आला की विचारू नका. चहाच्या नव्या कपांना विरोध झाला, भाऊंच्या दौऱ्याला ‘फारच छोटा’ म्हणून विरोध झाला. एका जुन्या कार्यकर्त्याच्या शोकप्रस्तावाला प्रेमलालने चाचरत विरोध केला, तर बैठकीनंतर त्या कार्यकर्त्याचा मुलगा येऊन त्याच्या पाया पडला. “काकाजी, बाबूजीचं सोनं झालं. बाकीच्याईचे शोक उगीच पास झाले. आमच्या बाबूजीवर चर्चा झाली.”

आता ज्याच्या त्याच्या डोळ्यांत ती हात असलेली खुर्ची खुपू लागली. वारा-सिवनीकडचा खेमराज तर भाऊंच्या घरी मोसंबी घेऊन गेला. “भाऊ, मीबी विरोध करू शकतो. तुमी म्हणान तेवढा.” त्याला सह-असहमती प्रमुख करण्यात आले. शांताबाईंच्या नेतृत्वाखाली महिला असहमती आघाडी निघाली, आणि आघाडीच्या उद्‌घाटनाला भाऊंचाच सत्कार झाला. श्रुतिका मॅडमच्या वहीत जिल्ह्याचे गुण वाढत चालले. ‘अ’ श्रेणी उंबरठ्यावर आली.

तेवढ्यात उंबरठ्यावरच घाला आला.

व्यावसायिक पक्षाला वॉर रूम लागते. चहूकडून काच, आत गारवा, भिंतीवर नकाशे. जागा एकच होती, ती म्हणजे आंगण. भाऊंनी ठराव मांडला: आंगणावर छत टाकून वॉर रूम बांधावी आणि हरिनाम सप्ताह रेल्वे फाटकापलीकडच्या मैदानात हलवावा. प्रेमलालच्या हातात त्याचा विरोध आधीच टाइप होऊन आला होता: ‘माझा तीव्र विरोध आहे. काच निळी असावी.’

प्रेमलालने कागद घडी करून खिशात टाकला.

“भाऊ, हे नोका करू जी,” तो म्हणाला. “जिजाकाकी फाटकापलीकडं कशी जाईन? तिले उंबऱ्याभायेर पाय टाकता येत नाही. महागू काकानं घर देलं तवा मांगतलं काय, तं देवाचं नाव. त्याचं घर आपून वापरून राह्यलो, आन् त्याचा देव फाटकापलीकडं? मी हात जोडतो. माझा विरोध आहे. खराखुरा विरोध आहे!” बोलता बोलता त्याला रडू कोसळले.

सबंध कार्यकारिणी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. खेमराजने डोळे पुसले. भाऊंनी येऊन प्रेमलालला छातीशी धरले. “काय विरोध केला बे! माझ्या तं काट्टा आला अंगावर.” शाल आली, नारळ आला. आणि ठराव मंजूर झाला.

“काकाजी, ये तो एकदम असली था,” श्रुतिका मॅडम भारावून म्हणाल्या. “सगळ्यात जास्त गुण या ठरावाला.”

“मॅडम, पण मी खरंच विरोध करून राह्यलो.”

“तेच तर! दिसतं ना.”

आता फक्त दुसरे वाचन उरले होते. मोठ्या ठरावाचे दुसरे वाचन भोपाळ पडद्यावरून पाहणार, तिथे तसाच विरोध पुन्हा व्हायचा, की छत पक्के. “तसाच रडजो,” भाऊंनी बजावले. “कमी नोको करू.”

प्रेमलाल दुपारी मागच्या खोलीत गेला. जिजाबाई उंबऱ्यात बसून काकड्यासाठी वाती वळत होती. त्याने सगळे सांगितले.

“काकी, मी जितका जोरानं नाही म्हणतो, तितकं ते पक्कं होते. काय करू?”

म्हातारी वात वळत राहिली. “मंग जोर काहून लावतं? तू टाळकरी होय ना रे?”

“हौ.”

“मंग आठव. तुझे काका असतानी एक बुवा आलता. भल्ला घमंडी. टाळकऱ्याईले चारचौघात शिव्या देल्या त्यानं. टाळकरी काई बोलले नाई. बुवा चरण म्हणून थांबला, का आता मांगचे ध्रुपद उचलतीन आन् आपून दम घेऊ. तं मांगं सामसूम! पुन्हा म्हणलं, पुन्हा सामसूम. एकटा किती वेळ गाईन बाप्पा? घामाघूम झाला. शेवटी स्वोताच मांगं येऊन त्याच्याच शब्दाले टाळ वाजवाले लागला.” ती बोळक्या तोंडाने हसली. “बुवाले भांडून कोनी हारवत नाई. त्याले फक्त एकटं सोडावं लागते.”

प्रेमलाल उठला तेव्हा त्याने म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले.

दुसऱ्या वाचनाला पडद्यावर भोपाळचे दोन गंभीर चेहरे प्रकट झाले. भाऊंनी ठराव वाचला. “आता आपले असहमती प्रमुख बोलतीन,” असे म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि दम घ्यायला मागे टेकले.

प्रेमलाल उभा राहिला. “माझी सहमती आहे.”

भाऊंना ठसका लागला. “काय म्हणतं बे?”

“पूर्ण सहमती जी. भाऊचा शब्द तोच माझा शब्द.”

त्याला रागावावे तरी कसे? हे वाक्य तिथल्या प्रत्येकाने जन्मभर म्हटले होते. श्रुतिका मॅडम हळूच पुटपुटल्या, “अंकलजी, विरोध नाही झाला तर ठराव रद्द. और श्रेणी भी गई.”

“खेमराज!” भाऊ ओरडले. “ऊठ! विरोध कर!”

ज्या क्षणासाठी मोसंबी खर्ची पडली तो क्षण आला. खेमराजने छाती पुढे काढली. “भाऊंच्या परवानगीनं मी या ठरावाले...” आणि त्याची नजर भाऊंच्या नजरेला भिडली. लहानपणापासून ज्या डोळ्यांना हौ म्हटले त्यांना नाही कसे म्हणावे? “...हार्दिक पाठिंबा देतो,” असे म्हणून तो खाली बसला.

“शांताबाई!”

“माझं खेमराजभाऊसारखंच जी.”

“बालाघाट,” पडदा बोलला, “विरोध दिखाई नहीं दे रहा.”

भाऊंच्या कपाळावरून घाम ओघळला. जिल्ह्यात सगळीकडे त्यांचीच माणसे, आणि आज त्यांचे एवढे काम करणारा एक माणूस मिळेना. कुर्त्याच्या खिशातून तिकिटे पाखरांसारखी उडून जाताना त्यांना दिसू लागली. ते ताडकन उभे राहिले.

“थांबा! कोनी करत नाही ना? मंग मीच करतो! या ठरावाले माझा, चंद्रशेखरचा, कडक विरोध...”

क्रियापद यायच्या आत सगळे हात वर गेले.

“मंजूर!” खेमराज गरजला. “मंजूर! भाऊचा विरोध मंजूर!” शांताबाईंच्या आघाडीने जयजयकार केला. भाऊ दोन्ही हात हलवून “अरे नाही, अरे नाही” म्हणत होते. तेही मंजूर झाले. वॉर रूमचा ठराव, मांडणाऱ्याच्याच विरोधाने, सर्वानुमते फेटाळला गेला.

“लेकिन,” पडद्यावरचा एक चेहरा म्हणाला, “फेटाळणं हाही ठरावच. त्याला कुणाचा विरोध?”

पुन्हा सामसूम. खेमराज छताकडे पाहू लागला. तेव्हा हात असलेल्या खुर्चीतून एक हात सावकाश वर आला.

“माझा आहे जी,” प्रेमलाल म्हणाला. “नियमापुरता.”

तेवढ्याने ते पक्के झाले.

भोपाळचा अहवाल आला. स्वतःच्याच ठरावाला विरोध करून पक्षासमोर नमते घेणारा नेता देशात दुर्मीळ, सबब बालाघाटला ‘अ’ श्रेणी. तिकिटे भाऊंच्या खिशात परत आली. ‘आत्मविरोध: एक नेतृत्वगुण’ या विषयावर व्याख्याने देत भाऊ आता जिल्हे फिरतात, आणि सांगतात की आंगण वाचवायची कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती. प्रेमलालला पदावरून काढण्यात आले. कारण नोंदवले गेले: पूर्वपरवानगीशिवाय सहमती. खुर्ची खेमराजला मिळाली. तो रोज सकाळी आरशासमोर ‘नाही’ म्हणायचा सराव करतो. अजून ‘ना’पर्यंत पोचला आहे.

कार्तिकात सप्ताह बसला. जिजाबाई उंबऱ्यात बसली. पहिल्या ओळीत भाऊ, मागे सारी कार्यकारिणी, आणि बुवांच्या पाठीशी टाळ घेऊन प्रेमलाल. काल्याच्या दिवशी बुवा थांबले, उपरणे सावरले आणि म्हणाले, “मायबाप हो, कोणी काही सांगितलं की लगेच मान डोलवू नये. आधी विचार करावा. पटते का?”

सारे आंगण एका लयीत डोलले. सगळ्यांत जास्त भाऊ डोलले. प्रेमलालचीही मान डोलली, टाळाबरोबर. उंबऱ्यात म्हातारी मात्र पदरात तोंड लपवून हसत होती.

इथे ही गोष्ट संपते. कार्यप्रणालीनुसार ती मंजुरीसाठी आपणापुढे ठेवली आहे. अशी माणसे आपल्यात नाहीत, ती तिकडे बालाघाटात, दुसऱ्याच कुठल्या पक्षात असतात, असे जे वाचकांनी वाचता वाचता ठरवले, त्याला कुणाचा विरोध असल्यास हात वर करावा.

एकही हात दिसत नाही.

मंजूर.