यंदाचं निनावं रोह्याहून

त्र्यंबक प्रधान रोह्याच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते. त्यामुळे घरात कुठलंही यंत्र आलं की ते आधी त्यांच्या ताब्यात जाई. साधा बल्ब बदलायचा असला तरी बायकोनं, श्यामलाबाईंनी, फक्त स्टूल धरायचं, अशी पद्धत होती. सत्त्याण्णव साली धाकट्या भावानं, विराजनं, मस्कतहून मायक्रोवेव्ह ओव्हन आणला, तेव्हा सोबतची जाडजूड इंग्रजी पुस्तिका सरांनी उशाशी घेतली. पहिल्या वीस पानांत सूक्ष्मलहरींनी अन्न कसं तापतं ते दिलं होतं. ते सरांनी पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. पुढच्या वीस पानांत हाच ओव्हन विजेच्या कॉइलनंही तापतो, त्याची माहिती होती. ती सरांना पुनरुक्ती वाटली.

मग ओव्हनच्या वर भिंतीला एक पुठ्ठा लागला. धातूच्या भांड्याला बंदी. काच, प्लॅस्टिक चालेल. भांडं तापत नाही, फक्त अन्न तापतं. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. महिनाभर येईल त्या पाहुण्याला सर दूध गरम करून दाखवत आणि ओव्हनमधली वाटी उघड्या चिमटीत धरून अशी बाहेर काढत, की आता तिच्यातून कबूतरच निघेल.

इथवर सगळं ठीक होतं. पण आषाढात सगळे पेणला सरांच्या थोरल्या बहिणीकडे, अनिताताईंकडे, जमले असताना त्यांनी गुडघ्याचं दुखणं काढलं. दर श्रावणी शुक्रवारी देवीच्या नैवेद्याचं गोड निनावं साऱ्या कुटुंबासाठी त्याच करत. बेसन, कणीक, गूळ आणि नारळाचं दूध आटवायचं, मग पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि तासभर समोर बसून राहायचं. यंदा ते बसणं जमणार नव्हतं.

"यंदाचं निनावं रोह्याहून येईल," सर म्हणाले. "पंधरा मिनिटांचं काम."

ही बातमी सगळ्यांत आधी श्यामलाबाईंना नवी होती. अनिताताईंनी काही वाद घातला नाही. फडताळातून आईचं पितळेचं पातेलं काढून भावजयीच्या हातात दिलं आणि निनावं यातच कर म्हणून बजावलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता श्यामलाबाईंनी मिश्रण आटवलं आणि पातेलं पुढे केलं. सरांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. पितळ म्हणजे धातू. मग श्यामलाबाईंचा गुलाबी प्लॅस्टिकचा डबा आला. तो त्या शेजारणीलासुद्धा देत नसत. पंधरा मिनिटांनी घंटी वाजली. आतलं निनावं शिजलं होतं, पण पांढरंफटक आणि ओलं, कुणी शाडूची माती थापून ठेवावी तसं.

"याला वरून रंग कुठाय?" श्यामलाबाईंनी विचारलं.

रंगासाठी वरची कॉइल लावायची असते, असं विराज जाताना म्हणाला होता, ते सरांना आठवलं. त्यांनी ते बटण दाबलं आणि पेपर उघडला. दहा मिनिटांत घरभर वास सुटला. श्यामलाबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सरांनी सांगितलं की तो गूळ खरपूस होतोय. तिसऱ्यांदा धूर निघाला, तेव्हा सरांनी दार उघडलं. डबा गुडघे टेकलेल्या म्हशीसारखा खाली बसला होता आणि त्याची एक कड निनाव्यात मिसळून गेली होती. सरांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कारण भांडं तापत नाही. ते तापलं होतं. सरांनी जे काही उद्गार काढले ते बावीस वर्षांत एकाही वर्गानं ऐकले नव्हते.

हातांना मलम लावून फडकी बांधल्यावर सर खाटेवर बसले आणि श्यामलाबाईंनी पहिल्यांदाच पुस्तिका हातात घेतली. इंग्रजीशी त्यांचं फारसं जमत नसे, पण एकतिसाव्या पानावर चित्र होतं. नुसती कॉइल चालू, लहरी बंद, आत चक्क धातूचं भांडं, आणि त्यावर फुली नाही. त्यांनी ओव्हन खरवडून पुसला, दुसरं मिश्रण आटवलं आणि सासूबाईंचं पातेलं आत सरकवलं. ते जेमतेम मावलं. पाऊण तासात वर बदामी रंग चढला.

पण नऊची एसटी चुकली होती. पेणला कळवायला श्यामलाबाई कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेल्या. अनिताताईंकडे फोन नव्हता, शेजारच्या दिनानाथांकडे होता. दिनानाथांना ऐकू कमी यायचं आणि त्या दिवशी लाइनही खरखरत होती. श्यामलाबाईंनी सगळं नीट सांगितलं: त्यात करंटची कॉइल होती, ह्यांनी हात लावला, म्हणून उशीर झाला, आता निघतोय. दिनानाथांच्या कानात पडलं ते इतकंच: करंट, ह्यांनी हात लावला, उशीर झाला. मग लाइन तुटली.

अर्ध्या तासात अनिताताई आणि घरची आठ माणसं हिरामणच्या जीपमध्ये बसली. हिरामण गडबचा, पेण सोडलं की लगेच लागणाऱ्या गावचा. बातमी ऐकल्यावर त्यानं मान राखून वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

गडबजवळ ही जीप आणि रोह्याहून येणारी एसटी समोरासमोर आली. जीपच्या ताडपत्रीआड बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या सरांना ओझरत्या दिसल्या. "कुणाकडे तरी वाईट झालेलं दिसतंय," ते हळहळले आणि त्यांनी बांधलेल्या हातांनी नमस्कार केला. मांडीवर गरम पातेलं घेतलेल्या श्यामलाबाईंनी खिडकीकडे पाहिलं नाही.

पेणला घराला कुलूप होतं. ओटीवर दिनानाथ आणि आळीतली सात-आठ माणसं गप्प बसली होती. सरांना पाहून दिनानाथ उभे राहिले.

"तुम्ही तर गेलात," ते म्हणाले.

खुलाशाला बराच वेळ लागला, कारण तो मोठ्यानं करावा लागला. मग सगळे एकदम मोकळे झाले आणि एकदम भुकेले झाले. सुतकी बातमी कळल्यापासून आळीत कुणी जेवलं नव्हतं. श्यामलाबाईंना आपल्याच फोनची लाज वाटत होती. त्यांनी देवीचा तुकडा बाजूला काढून दिनानाथांना एक वडी दिली. मग त्यांच्या बायकोला दिली. मग कुणाला नाही कसं म्हणायचं? दोन तासांत पातेल्याचा तळ दिसला. निनावं उत्तम झालंय, असं सगळ्यांचं एकमत झालं. सरांनाही एक वडी मिळाली. ती श्यामलाबाईंनी भरवली.

तिकडे रोह्यात सरांच्या शेजाऱ्यांनी अनिताताईंना सांगितलं की सर मघाशीच पातेलं घेऊन पेणला गेले, तब्येत छान आहे. अनिताताई जीपमधून उतरल्यासुद्धा नाहीत. परतीच्या वाटेवर हिरामणनं समजूत घालून पाहिली. "सर जित्ते हायेत, ताई. ही चांगलीच गोष्ट हाय." त्यावर त्यांनी त्याला गाडी चालवायला सांगितलं.

जीप दारात थांबली तेव्हा साडेतीन वाजले होते. अनिताताई गुडघा धरत ओटीवर चढल्या. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, मग रिकाम्या पातेल्याकडे. श्यामलाबाईंनी देवीसाठी बाजूला काढलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो सावकाश खाल्ला.

"छान झालंय हो," त्या भावजयीला म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "जाताना जीपमध्ये तुझे गुण आठवून आठवून रडत होते मी."

सर जवळ सरकून बसले. ताई असं कधी बोलत नसे. त्यांनी हळूच विचारलं, "कुठले गुण, ताई?"

अनिताताईंनी बोट चाटलं.

"गडबपर्यंत संपले होते," त्या म्हणाल्या. "पुढे सगळी नुसती बसून होतो."